अवकाशातल्या प्लाझ्माचा सिद्धांत अवकाशयानं कसा तपासतात

अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेत 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद चालू आहे. त्याआधी हे काम कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असं ठरलं, आणि ट्रामच्या तारांतली वीज आसपासच्या चुंबकीय मोजमापांची वाट लावणार हे कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी बंदरापलीकडची शांत जागा शोधली ती अलिबागची. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, तो चुंबकीय नाही याची खात्री करून घेतली आणि बांधकामात लोखंड टाळलं. मग सुमारे दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्यांशी सांधा जुळेल. या काळजीमुळेच आज आपल्याकडे कुलाबा आणि अलिबाग मिळून दीडशेहून जास्त वर्षांच्या नोंदी आहेत. रायगड जिल्ह्यातल्या माणसानं अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती अलिबागला फिरायला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

1 आणि 2 सप्टेंबर 1859 ला आलेलं चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वहीत नोंदलं गेलं. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लानं खाली आला होता. 2003 मध्ये याच वहीतल्या आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्यानं मोजली गेली, आणि त्या कामात आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते.

आता प्रश्न असा की जमिनीवरची चुंबकसूची हलते ती नेमकी कशामुळे? वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांची संख्या आणि ऊर्जा वाढते. हे कण पृथ्वीभोवती सरकतात, त्यांचा एक वर्तुळाकार विद्युतप्रवाह तयार होतो, आणि तो जमिनीवरचं क्षेत्र कमी करतो. डेस्लर आणि पार्कर यांनी 1959 मध्ये आणि स्कोप्के यांनी 1966 मध्ये एक सुंदर संबंध दाखवला: क्षेत्र जितकं उतरतं ते त्या अडकलेल्या कणांच्या एकूण गतिज ऊर्जेच्या प्रमाणात असतं. म्हणजे अलिबागला बसून आपण हजारो किलोमीटर वरच्या कणांची ऊर्जा अदमासतो.

पण शब्द लक्षात घ्या: एकूण ऊर्जा. ती थोड्याच पण अतिशय वेगवान कणांकडे आहे की पुष्कळ मध्यम वेगाच्या कणांकडे, ते कण चुंबकीय रेषेला धरून धावताहेत की तिच्याभोवती गरगरताहेत, हे त्या आकड्यातून कळत नाही. अवकाशातल्या प्लाझ्माचं खरं शास्त्र इथून पुढे सुरू होतं, आणि त्यासाठी यानं पाठवावी लागतात.

प्लाझ्मा म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू: धन कण वेगळे, ऋण कण वेगळे, आणि दोघेही विद्युत-चुंबकीय बलांना उत्तर देणारे. सूर्यातून असा प्लाझ्मा सतत बाहेर वाहतो. त्यालाच सौरवारा म्हणतात. युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये तो असणारच असं गणितानं दाखवलं आणि 1962 मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-2 यानानं त्याची सलग मोजणी केली. पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारण सेकंदाला 400 किलोमीटर असतो, आणि दाटी इतकी विरळ की एका घनसेंटिमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन. आपण श्वास घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत 25 वर अठरा शून्यं इतके रेणू असतात.

हा फरक नुसता संख्येचा नाही. हवेतला रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा दुसऱ्या रेणूवर आदळतो. सौरवाऱ्यातला प्रोटॉन सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या 15 कोटी किलोमीटरच्या, चार दिवसांच्या प्रवासात जेमतेम एखादी टक्कर अनुभवतो, कधी तीही नाही. कॉलेजात वायूंची कायनेटिक थिअरी शिकवताना सगळा डोलारा टकरींवर उभा असतो. टकरी होतात म्हणून वेग वाटले जातात, वाटले जातात म्हणून मॅक्सवेल यांनी 1860 मध्ये सांगितलेली ती घंटेच्या आकाराची रेषा मिळते, आणि ती मिळते म्हणून एका तापमानाच्या आकड्यात सगळ्या रेणूंबद्दल बोलता येतं.

आमच्याकडे एस.वाय.ला असलेल्या एका मुलीनं तास संपता संपता विचारलं, "सर, तिथे कण एकमेकांवर आपटतच नाहीत, तर मग सौरवाऱ्याचं तापमान एक लाख अंश म्हणतात ते कशाचं?" मला हा प्रश्न या सगळ्या विषयाचा दरवाजा वाटतो. टकरी नसतील तर घंटेच्या आकाराला काही कारणच उरत नाही. वेगांची वाटणी कशीही असू शकते: दोन उंचवटे असलेली, एका बाजूला लांब शेपूट असलेली, एका दिशेला ताणलेली. मग "तापमान" हा फक्त वेगांच्या पसाऱ्याचा एक सरासरी आकडा उरतो, आणि तो आकडा आकाराबद्दल काही सांगत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात कधी उभे राहिला असाल तर हे चटकन कळेल. एका होडीतून सगळे बांगडे उतरले, एकसारखे. दुसरीतून थोड्या मोठ्या सुरमया आणि ढीगभर मांदेली. दोन्हींचं मिळून वजन तेवढंच आणि नग तेवढेच निघाले, तर माशामागे सरासरी वजनही तेच येईल. पण त्या सरासरीवर कोणी बोली लावत नाही. टोपलीत कोणत्या आकाराचे किती आहेत हे डोळ्यांनी पाहूनच बोली लागते. भौतिकशास्त्रज्ञाला टोपलीतली ही सविस्तर मोजदाद कणांच्या वेगांची हवी असते. कोणत्या जागी, कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेनं, कोणत्या वेगानं जाणारे कण किती, या हिशेबाला वेग-वितरण म्हणतात. जागेचे तीन आकडे, वेगाचे तीन, काळाचा एक, अशा सात गोष्टींवर ते अवलंबून असतं.

या वितरणाचं काय होतं हे सांगणारं समीकरण सोव्हिएत शास्त्रज्ञ अनातोली व्लासोव यांनी 1938 मध्ये मांडलं. शब्दांत ते असं सांगता येईल. एका जागचे, एका वेगाचे थोडे कण निवडा. पुढच्या क्षणी ते जरा सरकतील, आणि विद्युत-चुंबकीय बलांनी त्यांचा वेगही जरा बदलेल. त्यांच्यासोबत प्रवास केलात तर जागा आणि वेग यांच्या एकत्रित अवकाशात त्यांची दाटी तेवढीच राहते. बस्स, इतकंच. गुंता येतो तो पुढे: ती बलं बहुतांशी याच कणांनी तयार केलेली असतात. कण हलले की क्षेत्र बदलतं, क्षेत्र बदललं की कण वेगळे हलतात. प्लाझ्माचा गतिज सिद्धांत म्हणजे हे समीकरण आणि त्यातून निघणारी भाकितं.

प्रयोगशाळेत हे तपासणं अवघड आहे. भांड्याला भिंती असतात, टकरी पूर्ण टाळता येत नाहीत, आणि आत मोजयंत्र घातलं की प्लाझ्मा बिघडतो. सौरवाऱ्यात विद्युतभार एकमेकांना झाकून टाकतात ते अंतर दहाएक मीटर आणि प्रोटॉन चुंबकीय रेषेभोवती जी गिरकी घेतो तिची त्रिज्या शंभरेक किलोमीटर. दोन-तीन मीटरचं यान त्या गिरकीपुढे नगण्य आहे. म्हणजे वितरणाचा आकार मोजायला अवकाशाइतकी चांगली जागा नाही.

मोजतात कसं? एक पद्धत अशी. दोन अर्धगोल धातूचे पत्रे, एकाच्या आत दुसरा, मध्ये बारीक फट. दोन्हींमध्ये विजेचा दाब ठेवला की फटीत शिरलेला कण वळतो. फार वेगवान असला तर बाहेरच्या पत्र्यावर आपटतो, फार हळू असला तर आतल्यावर. ठरावीक ऊर्जेचाच कण पलीकडे पोचतो. तिथे एक तबकडी असते, जी एका कणाच्या धक्क्यातून लाखो इलेक्ट्रॉन सोडते आणि मोजण्याजोगा विजेचा ठोका तयार होतो. दाब पायरीपायरीनं बदलत गेलं की वेगवेगळ्या ऊर्जेची मोजणी होते. दिशांसाठी पूर्वी यानाच्या स्वतःभोवती फिरण्यावर भरवसा असे: एक फेरी पूर्ण झाली की सगळ्या दिशा पाहून होत. आपल्या आदित्य-एल1 वरच्या ॲस्पेक्स आणि पापा या उपकरणांचं कामही सौरवाऱ्यातले कण असे ऊर्जेनुसार आणि दिशेनुसार मोजण्याचं आहे. पहिलं अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं केलं, दुसरं तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेनं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती बऱ्याच लेखांत गाळली जाते. यंत्र वितरण मोजत नाही, ठोके मोजतं. ठोक्यांवरून वितरण काढावं लागतं. एखाद्या वेगाच्या खान्यात चारच कण आले तर त्या आकड्यातली अनिश्चितता दोनाची, म्हणजे निम्मी. शिवाय सूर्याचं अतिनील ऊन यानावर पडलं की यानाच्या पत्र्यातूनच इलेक्ट्रॉन सुटतात आणि मोजणीत घुसतात. यान स्वतः काही व्होल्टनं विद्युतभारित होतं, त्यामुळे येणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग यंत्रात शिरण्याआधीच बदलतो. हे सगळं वजा केल्याशिवाय "सिद्धांत जुळला" किंवा "जुळला नाही" असं म्हणण्यात अर्थ नसतो.

मला सर्वांत आवडणारी परीक्षा प्रोटॉनांच्या दोन तापमानांची आहे. चुंबकीय रेषेच्या दिशेनं वेगांचा पसारा एक, रेषेला आडवा पसारा दुसरा. टकरी असत्या तर दोन्ही सारखे झाले असते. सूर्यापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र क्षीण होत जातं, आणि गिरकी घेणाऱ्या कणाची आडवी ऊर्जा आणि क्षेत्र यांचं गुणोत्तर टिकून राहतं. म्हणून क्षेत्र उतरलं की आडवं तापमानही उतरायला हवं. रेषेच्या दिशेचं तापमान मात्र तसं उतरत नाही. च्यू, गोल्डबर्गर आणि लो यांनी 1956 मध्ये मांडलेला हा साधा हिशेब पुढे नेला तर पृथ्वीपाशी येईपर्यंत रेषेच्या दिशेचं तापमान आडव्याच्या कितीतरी पट व्हायला पाहिजे.

तसं होत नाही. पृथ्वीपाशी मोजलं तर दोन तापमानांतला फरक मर्यादेत दिसतो. कधी एक दीडपट-दुप्पट जास्त, कधी दुसरं. टकरी तर नाहीत. मग त्यांना आवरतं कोण?

गतिज सिद्धांताचं उत्तर असं: प्लाझ्मा स्वतःच. रेषेच्या दिशेचा दाब आडव्या दाबापेक्षा फार वाढला की चुंबकीय रेषेतला ताण त्याला पुरा पडत नाही, रेषा नागमोडी वाकायला लागते आणि ती लाट वाढत जाते. याला फायरहोझ अस्थिरता म्हणतात. 1958 मध्ये पार्कर यांनी ती मांडली, आणि त्याच वर्षी आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी कॉफमन आणि वॉटसन यांच्यासोबत तिचा गणिती अभ्यास केला. उलट बाजूला, आडवं तापमान फार वाढलं तर दोन अस्थिरता संभवतात: आयन-सायक्लोट्रॉन आणि मिरर. या वाढणाऱ्या लाटा कणांचे वेग ढवळतात आणि ताणलेलं वितरण पुन्हा आवाक्यात आणतात. महत्त्वाचं हे की सिद्धांत इथे आकडा देतो. प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय दाब यांचं गुणोत्तर बीटा नावानं ओळखतात. अमुक बीटाला तापमानांचं गुणोत्तर अमुकच्या पलीकडे जाता कामा नये, अशी रेषा कागदावर आधीच काढता येते.

नोव्हेंबर 1994 मध्ये सोडलेल्या विंड यानानं सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनांची वर्षानुवर्षं मोजणी केली. कॅस्पर, लाझारस आणि गॅरी यांनी 2002 मध्ये ती मोजणी बीटा आणि तापमान-गुणोत्तराच्या आलेखावर मांडली. बिंदूंचा थवा सगळीकडे पसरायला मोकळा होता, पण फायरहोझच्या रेषेपाशी येऊन तो थांबला. 2006 मध्ये हेलिंगर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजू तपासल्या. 2009 मध्ये बेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे 10 लाख मोजमापं घेऊन आणखी एक गोष्ट दाखवली: त्या सीमारेषांपाशी चुंबकीय क्षेत्राची थरथर वाढलेली असते. म्हणजे बिंदू नुसते थांबलेले नाहीत, थांबवणाऱ्या लाटाही तिथेच सापडल्या. एखादा सिद्धांत खरा मानावा तो अशा दुहेरी पुराव्यावर.

आणि तरीही सगळं जुळलेलं नाही. गणित सांगतं की बीटाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात आयन-सायक्लोट्रॉन अस्थिरता मिररच्या आधी सुरू व्हायला हवी, त्यामुळे थवा तिच्या रेषेपाशी थांबायला हवा. प्रत्यक्षात थवा त्या रेषेच्या पलीकडे जातो आणि मिररच्या रेषेशी जुळतो. फायरहोझच्या बाजूलाही तसंच: रेषेच्या दिशेनं जाणाऱ्या लाटांपेक्षा तिरप्या जाणाऱ्या लाटांची सीमा जास्त चांगली बसते. का? गणित करताना प्रोटॉनांचं वितरण दोन तापमानांची नीटस घंटा मानलेली असते, हे एक संशयास्पद ठिकाण. खऱ्या वितरणात बहुतेक वेळा मुख्य थव्याच्या पुढे धावणारा प्रोटॉनांचा दुसरा जथा असतो, आणि हेलियमचे केंद्रक वेगळ्या वेगानं जात असतात. या गोष्टी हिशेबात घेतल्या की सीमारेषा सरकतात. माझं मत असं की ही न जुळलेली बाजू जुळलेल्या बाजूपेक्षा जास्त शिकवते. चूक समीकरणात नसून आपण त्यात घातलेल्या आकारात असावी, असं ती सुचवते.

आकाराची गंमत सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ यांच्या 1946 च्या भाकितात अजून ठळक दिसते. टकरी नसतानाही प्लाझ्मातली लाट विरून जाऊ शकते, असं त्यांनी गणितानं दाखवलं. लाटेच्या वेगाच्या जवळपास वेग असलेले कण तिच्याशी ऊर्जेची देवाणघेवाण करतात. त्या वेगापाशी हळू कण जास्त आणि वेगवान कण कमी असतील, म्हणजे वितरणाला उतार असेल, तर एकूण हिशेबात लाट ऊर्जा गमावते. सगळं काही त्या एका वेगापाशी असलेल्या उतारावर ठरतं. सरासरी तापमानाला इथे विचारतं कोण! माल्मबर्ग आणि व्हार्टन यांनी 1964 मध्ये प्रयोगशाळेत हे पाहिलं, पण खळबळत्या अवकाश-प्लाझ्मात हेच घडतं का, हा प्रश्न पुढे बरीच दशकं लटकत राहिला.

तो सुटायला वेगानं मोजणारं यंत्र हवं होतं. 12 मार्च 2015 ला नासानं एमएमएस मोहिमेची चार यानं एकत्र सोडली. ती चौघं चतुष्फलकाच्या चार टोकांवर राहून उडतात, कधीकधी एकमेकांपासून अवघ्या 10 किलोमीटरच्या आत. त्यांनी यानाच्या फेरीची वाट पाहणं सोडून दिलं: चारी बाजूंना यंत्रं बसवून इलेक्ट्रॉनांचं पूर्ण वितरण दर 30 मिलिसेकंदांना आणि आयनांचं, म्हणजे धन कणांचं, दर 150 मिलिसेकंदांना मिळवलं. आधीच्या क्लस्टर मोहिमेत यानाच्या एका फेरीला चार सेकंद लागायचे. चेन, क्लाइन आणि हाउझ यांनी 2019 मध्ये एमएमएसच्या नोंदींतून विद्युतक्षेत्र आणि त्याच क्षणीचं इलेक्ट्रॉनांचं वितरण यांचा गुणाकार करून पाहिला: कोणत्या वेगाचे इलेक्ट्रॉन ऊर्जा मिळवताहेत? उत्तर लांदाऊंनी सांगितलेल्या वेगापाशीच उमटलं. 1946 च्या कागदावरचं भाकीत पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेरच्या खळबळीत दिसलं.

याच यानांनी 16 ऑक्टोबर 2015 ला सूर्याच्या बाजूला, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवाऱ्याचं क्षेत्र जिथे भिडतात त्या सीमेवर, आणखी एक परीक्षा घेतली. तिथे दोन्हींच्या चुंबकीय रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा कणांना मिळते. 1859 चं वादळ असो किंवा मे 2024 चं, पृथ्वीच्या आवारात ऊर्जा शिरते ती मुख्यतः याच वाटेनं. हे तुटणं-जुळणं ज्या गाभ्यात होतं तो जेमतेम काही किलोमीटर जाडीचा असतो आणि यानावरून क्षणार्धात सरकून जातो. हेस आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या संगणकी गणितानं सांगितलं होतं की तिथे इलेक्ट्रॉनांच्या वेगांचं चित्र चंद्रकोरीच्या आकाराचं दिसेल, कारण सीमा ओलांडून मागे-पुढे होणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी ठरावीक वेगाचेच तिथवर पोचू शकतात. एमएमएसनं तीच चंद्रकोर मोजली. चार सेकंदांची सरासरी घेणाऱ्या यंत्रात ती पुसली गेली असती आणि उरला असता एक गुळगुळीत गोळा.

सरासरीनं खरी गोष्ट झाकली जाण्याचा आणखी एक दाखला आपल्या जवळचा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांब ताणल्या गेलेल्या तिच्या चुंबकीय क्षेत्रात, विद्युतक्षेत्राचा एक गोंगाट अनेक यानांना सापडत असे: सगळ्या वारंवारितांवर पसरलेला, कोणताही सूर नसलेला. 1992 मध्ये सोडलेल्या जपान आणि नासाच्या जिओटेल यानानं वारंवारितांची सरासरी न घेता लाटेचं प्रत्यक्ष रूप नोंदलं. 1994 मध्ये मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो गोंगाट नाहीच. ते सुटेसुटे स्पंद आहेत, एकामागोमाग येणारे, प्रत्येकाला एक चढ आणि एक उतार. इलेक्ट्रॉन अडकून राहतील असे खळगे प्लाझ्मात टिकू शकतात हे बर्नस्टाइन, ग्रीन आणि क्रुस्कल यांनी 1957 मध्येच गणितानं दाखवलेलं होतं. हे स्पंद तसे खळगे आहेत की वेगळ्या प्रकारच्या एकाकी लाटा, यावर जगभर काम झालं, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा आहे. मुंबईहून गोव्याला जाताना ज्या पनवेलला आपण फक्त गाडीची गर्दी पाहतो, तिथेच ही गणितं झाली. अलिबागची वेधशाळाही याच संस्थेची.

अजून एक अडचण उरते, ती एकट्या यानाची. यानावर क्षेत्र थरथरलं, तर ते तिथल्या तिथे बदललं की बदललेला तुकडा यानावरून वाहत गेला? सौरवारा सेकंदाला 400 किलोमीटरनं जातो आणि त्यातल्या चुंबकीय लाटांचा वेग साधारण 50, म्हणून बहुतेक वेळा "तुकडा वाहत गेला" असं धरून चालतं. सूर्याजवळ हे धरता येत नाही. 28 एप्रिल 2021 ला सूर्याच्या जवळ जाणारं नासाचं पार्कर सोलर प्रोब हे यान अशा भागात शिरलं जिथे लाटांचा वेग वाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त होता, आणि तिथे हा सोपा हिशेब मोडतो. चार यानं असली की जागेनुसार आणि काळानुसार होणारा बदल वेगळा काढता येतो. शुस्टर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये एमएमएसच्या चौकडीवरून व्लासोव समीकरणातली पदंच थेट मोजली: इलेक्ट्रॉनांचं वितरण जागेनुसार कसं बदलतं, बलांमुळे कसं, काळानुसार कसं. 1938 चं समीकरण आता त्याच्या परिणामांवरून ताडायची गरज नाही, त्याचा एकेक तुकडा मोजता येतो. माझ्या लेखी या क्षेत्रातली ही अलीकडची सर्वांत मोठी मजल आहे.

आदित्य-एल1 हे 2 सप्टेंबर 2023 ला निघालं आणि 6 जानेवारी 2024 ला पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. मे 2024 च्या वादळाचा प्लाझ्मा त्याच्यावरून गेला, आणि त्याच वादळात जमिनीवरच्या वेधशाळांतलं क्षेत्रही उतरलं. एका टोकाला कणांचं वितरण, दुसऱ्या टोकाला त्यांच्या एकूण ऊर्जेचा आकडा, आणि दोन्ही नोंदी आपल्या देशाच्या. कोकणातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. आदित्यच्या नोंदी इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर आहेत, विंड आणि एमएमएसच्या नासाच्या सीडीएवेबवर. विंडची 92 सेकंदांच्या अंतरानं घेतलेली प्रोटॉनांची मोजणी उतरवून घ्या. तिच्यात तापमान थेट दिलेलं नसून रेषेच्या दिशेचा आणि आडवा असे दोन औष्णिक वेग, म्हणजे वेगांच्या पसाऱ्याचे आकडे, दिलेले असतात. आडव्याला पहिल्यानं भागून वर्ग केलात की तापमानांचं गुणोत्तर मिळेल. दाटी, रेषेच्या दिशेचा औष्णिक वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांवरून बीटा काढा, आणि दोन्ही अक्ष लॉग प्रमाणात ठेवून बिंदू टाका. थवा दिसेल, त्याच्या कडा दिसतील. काही बिंदू कडेच्या खूप बाहेर पडलेले असतील. ते शोध म्हणून जाहीर करण्याआधी प्रत्येक बिंदूशेजारी दिलेली अनिश्चितता पाहा आणि ज्यांची मोजणी कच्ची आहे ते आधी बाजूला काढा. त्यानंतरही बाहेर राहतील त्यांच्या वितरणांचे आकार एकेक करून उघडून बघायला घ्या.